‘डॉक्टर कधी येणार?’ : अमेरिकेतले आपले आई-बाबा आणि नर्स प्रॅक्टिशनर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत मुलांकडे कायमचे राहायला आलेले किंवा सहा महिने राहून परत जाणारे ज्येष्ठ आणि त्यांची मुलं-सुना यांच्याकडून मला सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः नर्स प्रॅक्टिशनर आहे आणि माझे बहुतेक पेशंट पासष्टीच्या पुढचे. तेव्हा माझी उत्तरं थोडी आमच्या बाजूला झुकणार, हे धरूनच वाचा. काही नियम राज्यागणिक बदलतात, तिथे तसं सांगितलं आहे.

१. आईला क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर आलेच नाहीत, एक नर्स तपासून औषध लिहून गेली. हे चालतं का?

चालतं. तपासून गेली ती बहुधा नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी असणार. तपासणं, निदान करणं, रक्ताच्या चाचण्या सांगणं, औषध लिहून देणं, स्पेशालिस्टकडे पाठवणं ही सगळी तिची स्वतःची कामं आहेत आणि त्यासाठी तिच्याकडे राज्याचं लायसन्स असतं. आपल्या डोक्यात ‘सिस्टर’ म्हणजे सलाइन लावणारी, डॉक्टरांच्या मागून फाइल घेऊन फिरणारी, म्हणून धक्का बसतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘कोण बघणार आहे?’ एवढं विचारलंत, तर आईची आधीच समजूत घालता येते.

२. साधी नर्स, एनपी आणि पीए (फिजिशियन असिस्टंट) यांत फरक काय?

साधी नर्स, म्हणजे आरएन, औषध देते, पेशंटवर लक्ष ठेवते, पण औषध लिहून देत नाही. एनपी आधी आरएन होते. मग नर्सिंगमध्ये मास्टर्स किंवा डॉक्टरेट करते, राष्ट्रीय परीक्षा देते आणि राज्याकडून वेगळं लायसन्स घेते. डॉक्टरेट केलेल्या एनपीच्या बिल्ल्यावर ‘डॉ.’ दिसू शकतं, पण ती एमडी, म्हणजे इथली डॉक्टर नव्हे. पीए नर्सिंगमधून येत नाही. त्याचं शिक्षण वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या धर्तीवर चालतं. काम बघायला गेलं तर दोघांचं पुष्कळसं सारखंच.

एमडीचं शिक्षण या दोघांपेक्षा खूप लांब: चार वर्षं मेडिकल स्कूल आणि त्यावर किमान तीन वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. हा फरक खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. तो कुठे जाणवतो हे प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

३. म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी एनपी असते का?

असते. नावापुढची अक्षरं बघा. ‘एजीपीसीएनपी’ असेल तर तिचं प्रशिक्षण प्रौढ आणि वृद्धांच्या रोजच्या देखभालीचं. ‘एजीएसीएनपी’ असेल तर हॉस्पिटलमधल्या गंभीर आजाराचं. सर्वांत जास्त भेटते ती ‘एफएनपी’, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्यांना बघणारी. पूर्वी फक्त वृद्धांसाठीचं प्रमाणपत्र वेगळं होतं, ते पुढे प्रौढांच्या प्रमाणपत्रात मिसळलं. पण अक्षरांपेक्षा ‘तुमच्याकडे ऐंशीच्या पुढचे पेशंट किती येतात?’ हा प्रश्न जास्त कामाचा. वीस वर्षं नर्सिंग होममध्ये (इथे याचा अर्थ छोटं हॉस्पिटल नव्हे, वृद्धांना ठेवून देखभाल करणारी जागा) घालवलेली एफएनपी मला केव्हाही चालेल.

४. इतक्या एनपी आल्या कुठून? पूर्वी तर डॉक्टरच बघायचे.

१९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला एनपी अभ्यासक्रम सुरू केला, तोही लहान मुलांसाठी! ज्या भागात डॉक्टर मिळत नव्हते तिथे मुलांची तपासणी आणि लसीकरण कोण करणार, हा तेव्हाचा प्रश्न होता. त्याच वर्षी मेडिकेअरचा कायदा झाला. वृद्धांचा खर्च सरकारने उचलायचं ठरवलं, पण त्यांना बघणारी माणसं काही त्या वेगाने वाढली नाहीत.

१९४६ ते १९६४ या काळात जन्मलेली मोठी पिढी २०३० पर्यंत सगळीच्या सगळी पासष्टीपार जाते. उलट वृद्धांचे खास डॉक्टर, म्हणजे जेरियाट्रिशियन, अख्ख्या देशात सात हजारांच्या आसपास. ही शाखा फार कमी तरुण डॉक्टर निवडतात, कारण वेळ जास्त जातो आणि पैसे कमी मिळतात. १९९७ च्या कायद्याने एनपींना कुठल्याही भागात मेडिकेअरला थेट बिल लावता यायला लागलं, डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के. तिथून वेग वाढला. वृद्धांची साथ करायला आम्ही आलो यात सेवाभाव आहेच, पण हिशेबही आहे.

५. खरं सांगा, एनपीकडे दाखवणं म्हणजे हलका उपचार नाही ना?

वृद्धांच्या नेहमीच्या दुखण्यांसाठी नाही. बीपी, शुगर, थायरॉइड, गुडघे, झोप, पडणं, औषधांचा गोंधळ यांत चाणाक्ष निदानापेक्षा सातत्य लागतं. २००० साली कोलंबिया विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १,३१६ प्रौढ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे डॉक्टर आणि एनपी यांच्यात वाटले होते. सहा महिन्यांनी दोन्हीकडची तब्येत जवळपास सारखीच निघाली. नर्सिंग होमबद्दलचा पुरावा आणखी बोलका आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

दुसरी बाजूही ऐका. माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांतल्या इमर्जन्सी विभागांवर २०२२ मध्ये एक अभ्यास आला. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय काम करणाऱ्या एनपींनी बघितलेले पेशंट तिथे जास्त वेळ अडकले, त्यांच्यावर खर्च जास्त झाला आणि उपचारांचा परिणामही थोडा कमी चांगला निघाला. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. काहीच माहीत नसलेला माणूस स्ट्रेचरवर समोर येतो तेव्हा रेसिडेन्सीतली ती वर्षं कामाला येतात.

६. मग डॉक्टरच हवेत असं म्हणता येतं का? केव्हा म्हणावं?

म्हणता येतं, आणि कोणी रागावत नाही. फक्त तारीख लांबची मिळेल. वजन कारण नसताना उतरतंय, तीन-चार आजार एकमेकांत अडकलेत, एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा जाऊनही उत्तर नाही, मोठं ऑपरेशन करावं की नाही हे ठरवायचंय, अशा वेळी जरूर मागा. चांगली एनपी तुमच्या आधी स्वतःच म्हणते, ‘हे मी डॉक्टरांना दाखवते.’ जी कधीच असं म्हणत नाही तिच्याबद्दल मी सावध राहीन. आणि जे डॉक्टर कधीच म्हणत नाहीत त्यांच्याबद्दलही.

७. बाबांची तपासणी एनपीने केली, पण बिलावर भलत्याच डॉक्टरांचं नाव आहे. घोटाळा आहे का?

बहुतेक वेळा नाही. मेडिकेअरमध्ये ‘इन्सिडेंट टू’ नावाची सोय आहे. डॉक्टरांनी आधी बघून उपचाराची दिशा ठरवलेली असेल आणि त्याच आजाराच्या पुढच्या भेटीत एनपीने डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासलं, तर बिल डॉक्टरांच्या नावाने पूर्ण दराने जातं. मात्र पेशंट नवीन असेल किंवा भेटीत नवीनच तक्रार निघाली, तर ही सोय लागू होत नाही. बाबा बीपीसाठी गेले आणि चक्कर येते असं पहिल्यांदाच सांगितलं, तर ती नवी तक्रार झाली. बिल खटकत असेल तर क्लिनिकच्या बिलिंग विभागाला हाच मुद्दा विचारा.

८. एनपी सगळी औषधं लिहू शकते का?

इथे राज्याचा प्रश्न येतो. निम्म्याहून जास्त राज्यांत एनपी पूर्णपणे स्वतंत्रपणे काम करू शकते. वॉशिंग्टन, ॲरिझोना ही जुनी उदाहरणं, मॅसॅच्युसेट्स २०२१ पासून. काही राज्यं आधी अनुभव मागतात: इलिनॉयमध्ये ४,००० तास, न्यूयॉर्कमध्ये ३,६००. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून टप्प्याटप्प्याने दार उघडलं. टेक्सास, जॉर्जियात मात्र डॉक्टरांशी लेखी करार लागतोच.

रोजच्या औषधांत तुम्हाला हा फरक कळणारही नाही. कळतो तो तीव्र वेदनाशामकांच्या वेळी. टेक्सासमध्ये मॉर्फिनच्या गटातली औषधं एनपी फक्त हॉस्पिटल किंवा हॉस्पिसमध्ये (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली सेवा) लिहू शकते, क्लिनिकमध्ये नाही. हाड मोडलेल्या आजीला घरी न्यायचं असेल तर हे आधीच विचारून ठेवा.

९. पहिल्या भेटीला काय घेऊन जावं?

औषधं. यादी नको, औषधंच. घरातली सगळी एका पिशवीत भरून न्या: गोळ्यांच्या पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, चूर्णं, शेजारच्या काकूंनी दिलेली गुडघ्याची गोळी, सगळं. यादीत माणूस स्वतःला शोभेल तेवढंच लिहितो, पिशवी खोटं बोलत नाही.

बाकी एनपी काय बघते? झोपून आणि उभं राहून बीपी. खुर्चीतून उठून दहा फूट चालून परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते, कारण बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. तीन शब्द लक्षात ठेवून घड्याळ काढायला सांगणं. मन खिन्न असतं का. आणि एक प्रश्न आपल्या माणसांना फार विचित्र वाटतो: ‘तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं काय आहे?’ आई म्हणते, ‘मला काय, मुलं सुखी असली की झालं.’ थोडं थांबलं की दुसरं उत्तर येतं: एकटीने देवळापर्यंत चालत जाता यावं, पोळ्या लाटताना हात दुखू नये. उपचाराची दिशा त्या दुसऱ्या उत्तरावरून ठरते.

१०. भारतातून सहा महिन्यांची औषधं आणली आहेत. ती इथल्या एनपीला कळतील का?

ब्रँडच्या नावावरून नाही. पट्टीवर बारीक अक्षरांत जे मूळ औषधाचं नाव असतं ते कळेल. म्हणून गोळ्या सुट्या करून डबीत भरून आणू नका. पिशव्यांत मला हमखास सापडणाऱ्या गोष्टी सांगते.

ग्लायकोमेट-जीपी. यात मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड असतं. ते जेवण झालं असो वा नसो, साखर उतरवतंच. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी वृद्धांना टाळायच्या औषधांची जी यादी काढते (तिला बीअर्स यादी म्हणतात), तिच्या २०२३ च्या आवृत्तीत या गटाचं औषध पहिली पसंती म्हणून देऊ नका असं म्हटलं आहे. आता यात आपली एकादशी घाला. एका आजींना संकष्टीच्या संध्याकाळी घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं. घरच्यांना वाटलं पक्षाघात. चंद्रोदय उशिरा होता आणि गोळी नेहमीच्या वेळेला घेतलेली होती, एवढंच. एनपीला उपासाबद्दल आपणहून सांगा, कारण तिच्या फॉर्मवर तो प्रश्न नसतो.

टेल्मा आणि लोसार्टन दोन्ही. टेल्मा भारतातल्या डॉक्टरांची, लोसार्टन इथल्या. दोन्ही बीपीच्या गोळ्या, एकाच गटातल्या. आजोबा इमानाने दोन्ही घेतात आणि उठताना भोवळ येते.

क्रोसिन आणि टायलेनॉल. दोन्हीत तेच पॅरासिटामॉल, इथलं नाव ॲसिटामिनोफेन. डोस नकळत दुप्पट होतो.

कॉम्बिफ्लॅम रोज, बीपीच्या गोळीबरोबर: मूत्रपिंडावर ताण. निमेसुलाइड इथे मिळतच नाही, या देशात त्याला कधी मान्यता मिळालेली नाही. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेलं अल्प्राझोलाम, दोन्ही बीअर्स यादीत आहेत. दोन्हींनी गुंगी येते, माणूस पडतो. पण अल्प्राझोलाम एकदम बंद करू नका, ते हळूहळूच उतरवावं लागतं. अश्वगंधा घेत असाल आणि थायरॉइडची गोळीही असेल तर तेही सांगा. ‘आयुर्वेदिकच आहे, ते काय सांगायचं’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते.

११. आईला इंग्रजी येत नाही. मी सोबत बसून सांगते, पुरे ना?

सोबत बसा, पण दुभाषा मागाच. सरकारी पैसा घेणाऱ्या क्लिनिकला आणि हॉस्पिटलला तो विनामूल्य द्यावा लागतो, असा संघीय कायदा आहे. मराठी दुभाषा बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर मिळतो. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर ‘इंडियन’ म्हणून हिंदी लावून देतात. बऱ्याच आज्यांचं हिंदीत बरं जमतं, पण दुखणं सांगायला पुरत नाही. ठणकणं, चमक मारणं, मुंग्या येणं, कळ येणं यांतून निरनिराळी निदानं निघतात.

दुसरं कारण नाजूक आहे. लघवी थांबत नाही, बाथरूममध्ये दोनदा पडले, सून जेवायला देते पण बोलत नाही, या गोष्टी आई मुलासमोर सांगत नाही. मुलाने भाषांतर केलं तर तर नाहीच नाही. एनपी तुम्हाला दहा मिनिटं बाहेर थांबायला सांगेल तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

१२. बाबा विसरायला लागलेत. एनपी डिमेन्शियाचं निदान करू शकते का?

सुरुवातीची चाचणी आणि तपासण्या करू शकते, नेहमीच्या प्रकारांत निदानही. मात्र चाचणीचे गुण शिक्षणावर आणि भाषेवर अवलंबून असतात. सातवीपर्यंत मराठीतून शिकलेल्या माणसाला इंग्रजीतून अक्षरं-आकडे जोडायला लावले तर कमी गुण पडणारच. दुभाषा नसेल तर चाचणी पुढे ढकलायला सांगा.

आपल्या माणसांच्या बाबतीत एक तपासणी आवर्जून मागा: बी-१२. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पूर्ण शाकाहार हा जोड बी-१२ उतरवतो, आणि त्याने विसरणं, पायांत बधिरपणा असं दोन्ही होऊ शकतं. भरून काढणं सोपं आहे. आणि दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलायला लागले तर तो डिमेन्शिया समजून वाट पाहू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, नवी गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

१३. नर्सिंग होममध्ये डॉक्टर दिसतच नाहीत, एनपीच येते. नियमात बसतं का?

बसतं, एका अपवादासह. मेडिकेअरच्या स्किल्ड नर्सिंगमध्ये (नर्सिंग होममधला जो मुक्काम मेडिकेअरच्या खर्चाने होतो त्यात) पहिली सविस्तर भेट डॉक्टरांनीच द्यायची. पहिले ९० दिवस दर ३० दिवसांनी आणि पुढे दर ६० दिवसांनी भेट हवी, आणि त्यांतली एकाआड एक एनपी देऊ शकते. आजारी पडल्यावरच्या भेटी वेगळ्या, त्या कितीही.

एनपी रोज तिथे असण्याचा फायदा दिसून आलेला आहे. १९८० च्या दशकात मिनेसोटातल्या दोन एनपींनी ‘एव्हरकेअर’ ही पद्धत सुरू केली. एनपीने नर्सिंग होममध्येच पेशंट बघायचे, ताप आला तर तिथेच उपचार, हॉस्पिटलची धावपळ टाळायची. २००३ मध्ये आलेल्या अभ्यासात बाकीच्या रहिवाशांना हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागण्याचं प्रमाण यांच्या जवळपास दुप्पट निघालं. नव्वदीच्या माणसाला अँब्युलन्समध्ये घालून रात्रभर इमर्जन्सीत ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१४. एनपी घरी येते का? आणि होम हेल्थसाठी सही?

घरी येणाऱ्या एनपी आहेत, मोठ्या शहरांच्या आसपास जास्त. होम हेल्थ, म्हणजे घरी येणारी नर्स आणि फिजिओथेरपी, यासाठी आधी डॉक्टरांचीच सही लागायची. मार्च २०२० च्या करोनाकाळातल्या कायद्याने एनपीची सहीही चालते. मुख्य अट अशी, की पेशंटला घराबाहेर पडणं खरोखर कठीण असावं. ‘आई रविवारी देवळात जाते, मग नाही मिळणार का?’ असं विचारतात. मिळतं. धार्मिक कार्यक्रमाला जाणं त्या अटीच्या आड येत नाही. स्वयंपाकाला, सोबतीला माणूस हवा असेल तर मात्र ते होम हेल्थमध्ये बसत नाही.

१५. एनपीला काय करता येत नाही?

हॉस्पिससाठी ‘आयुष्य सहा महिन्यांच्या आत’ हा दाखला डॉक्टरांनीच द्यायचा. गंमत अशी, की हॉस्पिसमध्ये गेल्यावर तिथे मुख्य उपचार करणारी म्हणून एनपी चालते! मधुमेहींच्या खास बुटांसाठी मेडिकेअरला डॉक्टरांचा दाखला लागतो. मॉर्फिन लिहिता येणारी एनपी बुटांचा दाखला देऊ शकत नाही, यावर आमच्यात जुने विनोद आहेत. राज्याचे अपवाद प्रश्न ८ मध्ये, नर्सिंग होमचा प्रश्न १३ मध्ये.

१६. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, मेडिकेअर नाही. एनपीकडे जाता येईल?

येईल, पैसे भरून. औषधांच्या दुकानातली छोटी क्लिनिकं बऱ्याचदा एनपीच चालवतात. खोकला, जुलाब, लघवीची जळजळ यासाठी ती ठीक, आणि इमर्जन्सीच्या मानाने कितीतरी स्वस्त. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, डोक्यावर पडणं यासाठी थेट ९११. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनचे आजार सहसा बसत नाहीत, पॉलिसी घेतानाच वाचा. ग्रीन कार्डवर सलग पाच वर्षं राहून ६५ पूर्ण झाली की हप्ता भरून मेडिकेअर घेता येतं.

१७. बाबा हिवाळ्यात पुण्याला जातात. इथल्या एनपीला तिथून व्हिडिओवर दाखवता येईल? तिचं प्रिस्क्रिप्शन तिथे चालेल?

दोन्हींना जवळपास नाहीच. लायसन्स पेशंट ज्या जागी बसलाय तिथलं लागतं, आणि मेडिकेअर परदेशातल्या उपचाराचे पैसे सहसा देत नाही. पुण्यातल्या केमिस्टला भारतात नोंदणी असलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यामुळे निघण्याआधी एनपीकडून औषधांच्या मूळ नावांची यादी, डोस आणि शेवटचे रिपोर्ट छापून घ्या आणि तिथल्या फॅमिली डॉक्टरांना द्या. परत येतानाही तसंच. प्रश्न १० मधला टेल्मा-लोसार्टनचा गोंधळ या फेऱ्यांतूनच होतो.

१८. भारतात अशी एनपी का नाही?

आहे, पण वृद्धांसाठी नाही. भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरसाठी दोन वर्षांचा एनपी अभ्यासक्रम आखला, नंतर प्रसूतीसाठीही. गावपातळीवर सर्वांत जवळची भूमिका उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, म्हणजे सीएचओची. बीपी-शुगर बघणं, चालू औषधं देणं, अडलं तर ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सेवा) डॉक्टरांना जोडणं ही त्यांची कामं. महाराष्ट्रात यांतले बरेचजण बीएएमएस आहेत. केरळात पॅलिएटिव्ह नर्स घरोघरी जातात, २००८ पासून ते राज्याचं धोरणच आहे.

शहरात ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशींना लोक ‘नर्स’ म्हणतात. त्यांतल्या अनेकींचं नर्सिंगचं शिक्षण झालेलं नसतं. त्या अंघोळ घालतील, भरवतील, रात्र जागवतील, आणि ते काम मोठं आहे. पण इन्सुलिनचा डोस त्यांनी ठरवू नये. आई-वडील तिकडे एकटे असतील तर ब्युरोला जीएनएम किंवा एएनएमच्या (हे नर्सिंगचे अभ्यासक्रम) नोंदणीचा क्रमांक मागा आणि औषधांची पिशवी बघायला एक डॉक्टर ठरवून ठेवा, तीन महिन्यांतून एकदा तरी.